घराणं बघून घेतलेली फियाट

९ जानेवारी १९९४

सकाळी ह्यांनी पेपर आणून थेट माझ्या शिलाई मशीनवर आपटला. मी चौधरीबाईंच्या ब्लाउजला बाही लावत होते. बाही तिरकी शिवली गेली. आता उसवा!

"हे वाच." तळाशी, छोट्या जाहिरातींत — 'बदलीमुळे तातडीने विकणे आहे. फियाट, एकहाती वापर, टायर नवे, इंजिन उत्तम. गरजूंनीच फोन करावा. धुळे.'

गरजू म्हणजे आम्हीच. तेलगिरणी बंद पडल्यापासून हे घरी आहेत. गिरणीचा ट्रक हाकायचे. आता म्हणतात, दुसऱ्याची गाडी पुष्कळ हाकली, आता स्वतःची हाकीन. लग्नाचं भाडं, दवाखान्याचं भाडं. अमळनेरात रोज कोणाला ना कोणाला गाडी लागतेच. खोटं नाही ते. दिवसभर खाटेवर बसून माझ्या मशीनचा आवाज ऐकण्यापेक्षा बरंच.

मग मला राग कशाचा आला? तर विकण्यासारखं या घरात एकच आहे. धुळे रोडचा माझा प्लॉट. लोकांचे ब्लाउज शिवून शिवून घेतलेला. चार कोपऱ्यांना चार दगड, त्यांना चुना मी स्वतः लावलाय. भाड्याच्या या दोन खोल्यांतून एक दिवस तिथं जायचं — एवढ्यावर मी आजवर पाय मारत आले.

प्लॉटचं नाव अजून कोणी काढलेलं नाही.

१० जानेवारी

काढलं.

१२ जानेवारी

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून धुळ्याला फोन केला. हे, मी आणि नाना — तिघं त्या कपाटाएवढ्या जागेत! नाना म्हणजे सुपडू नाना, ह्यांचे चुलते. एकटा जीव, आमच्याकडेच असतात. सगळ्या तालुक्याची घराणी त्यांना तोंडपाठ. कोणाची पोर कुठं दिली, कोणाचा मामा कोण, कोणाच्या आत्याचा काडीमोड झाला. लग्न जुळवायचं म्हटलं की लोक आधी नानांच्या खाटेशी येऊन बसतात.

ह्यांनी इंजिनाचं विचारायला सुरुवात केली तोच नानांनी फोन हिसकावला. "कोना पोऱ्या शे तू? तुना मामानं गाव कोनतं?" पुढं सगळं तेच. आजा कोण, आत्या कुठं दिली, थोरला भाऊ काय करतो. बूथचा मीटर पळतोय, बूथवाला हसतोय. गाडीबद्दल एक अक्षर नाही!

फोन ठेवला आणि म्हणाले, "आपलाच निंघना तो!"

नाव कौतिक बोरसे. पाचोऱ्याजवळच्या खेड्यातला, नोकरी सुरतेला. नानांच्या कैलासवासी बायकोच्या मावसघरी कुठंतरी नातं लागतं म्हणे. नाना असे खूश, जणू मुलीला स्थळ सापडलं.

१६ जानेवारी

संक्रांतीचा तिळगूळ खाऊन नाना पाचोऱ्याला गेले होते, चौकशीला. आज परतले. सगळं खरं! कौतिक बोरसे नावाचा माणूस आहे. सुरतेला असतो. बापानं गावच्या शाळेला जागा दिली होती. दारूचा थेंब नाही, देवमाणूस. गावात ज्याला विचारावं तो चांगलंच बोलतो.

मी म्हटलं, "नाना, माणसाचं झालं. गाडीचं काय?"

"मानूस देखो, गाडी काय देखनी?"

हे हसले. नाना हसले. मी भाकरी थापत होते, मी नाही हसले.

१९ जानेवारी

आज घरात रणधुमाळी.

मी एवढंच म्हटलं, पैसे द्यायच्या आधी त्या माणसाला घेऊन जळगावच्या आरटीओत जाऊ, कागद दाखवू. बस्स! नानांचं तोंड असं झालं, जणू मी त्यांच्या ताटात थुंकले. "सोयराले कागद मांगस का कोनी?" मुलीकडे गेल्यावर पोरीचे दात मोजायचे का, असंही काहीतरी बोलले.

हे म्हणाले, "त्याला राग आला आणि नाशिकचं गिऱ्हाईक घेऊन गेलं तर?" हे नाशिकचं गिऱ्हाईक दर फोनला निघतं. कालपण निघालं होतं. ते आजच येणार असतं, रोख घेऊनच येणार असतं, आणि कधी येत नाही. आम्ही सोयरे म्हणून तो त्याला थांबवून ठेवतोय!

आणि इतकी स्वस्त का? तेही विचारलं मी. चौकातल्या गॅरेजवाल्यानं असल्या गाडीची किंमत बरीच जास्त सांगितली होती. "सोयरे म्हणून," हे म्हणाले. सगळ्या कुलुपांना एकच किल्ली — सोयरे म्हणून.

२२ जानेवारी

प्लॉट दिला. अडतवाल्या लीलाधरशेठनं घेतला. सही करायच्या आधी कागद दोनदा वाचला, शेठनं पाहिलं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "कोकिळाबाई, मला यंदा बांधायचं नाही. अक्षय्य तृतीयेपर्यंत, आपल्या आखाजीपर्यंत पैसे परत आणलेत तर प्लॉट तुमचाच. फक्त तार लावून घेतो, बकऱ्या येतात." बोलला ते ह्यांच्या समोर बोलला.

बकऱ्या मला कधी दिसल्या नाहीत बुवा तिथं.

२३ जानेवारी

गाडी आणली.

धुळ्याला एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात भेटले. घरी नाही बोलावलं. बदली झाली, सामान बांधलंय, बसायला खुर्ची नाही म्हणे. माणूस उंच, गोरा, बोलणं मिठास. नानांच्या पाया पडला. नाना विरघळलेच! पुन्हा एकदा सगळी घराणी उजळून झाली — मामा, आत्या, थोरला भाऊ — एक चूक नाही. चहाचे पैसे त्यानंच दिले. बाकीचे आम्ही दिले.

गाडी खरंच देखणी. दुधाळ रंगाची, आतून स्वच्छ. गुजरात पासिंग. आरसी बुक दिलं. गुजरातची एनओसी आणायची राहिली, ती आठवड्यात टपालानं पाठवतो म्हणाला. हे स्टिअरिंगवर बसले तेव्हा त्यांचा चेहरा — गिरणी बंद झाल्यापासून असा चेहरा पाहिला नव्हता. मला माझा प्लॉट विसरायला झाला. क्षणभर.

एक गोष्ट खटकली. त्याची बायको बरोबर होती. एक शब्द बोलली नाही. मी सोयरीची ओटी भरायची म्हणून खण-नारळ नेला होता. भर हॉटेलात कुंकू काढलं, म्हटलं, "वहिनी, पदर करा." तर एकदम मागं सरली. "नको अक्का. मला नको." डोळ्यांत पाणी. नवऱ्यानं डोळे वटारले, तरी पदर पुढं केला नाही. निघताना गाडीच्या खिडकीशी आली, "सांभाळून," एवढंच.

खण-नारळ परत घेऊन आले. एवढा काय तोरा! गाडी विकताना कोणी रडतं का?

२४ जानेवारी

चाकाखाली लिंबू. हार. पेढे. गल्लीतली सगळी पोरं गाडीत बसून आली. माझी दोघं तर उतरायला तयार नाहीत.

५ फेब्रुवारी

पहिलं मोठं भाडं! मुक्ताईनगरला दर्शनाला एक कुटुंब नेलं. परत आल्यावर ह्यांनी पैसे माझ्या मशीनच्या खणात टाकले, गुपचूप. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

एनओसी आली नाही.

१४ फेब्रुवारी

एनओसी नाही. धुळ्याच्या नंबरावर फोन केला. तोही बूथच निघाला! बूथवाला म्हणाला, "बाई, इथून दिवसभर माणसं फोन करतात, मी कोणाकोणाला ओळखू?" मी ह्यांना म्हटलं, ज्याची धुळ्याहून बदली झाली म्हणे तो तर आधीच सुरतेला नोकरीला होता ना? मग बदली कुठून कुठं?

नाना म्हणाले, टपालाला वेळ लागतो.

३ मार्च

जळगाव. आरटीओबाहेर एक एजंट गाठला. त्यानं बुक पाहिलं, बॉनेट उघडलं, चेसिस नंबरावर किल्लीनं खरवडलं. पुट्टीचा पापुद्रा निघाला. खाली दुसरेच आकडे.

"आत नेऊ नका. गाडी चोरीची आहे. बुक बनावट आहे. आल्या वाटेनं घरी जा." आणि त्यानं आमच्याकडून काहीसुद्धा घेतलं नाही. त्याला आमची दया आली हे मला जास्त झोंबलं.

येताना एरंडोलला चहाला थांबलो, तो तसाच ठेवून निघालो. मी पूर्ण रस्ता त्या गाडीत बसून आले आणि मला वाटत होतं मी कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलेय.

४ मार्च

मी म्हटलं, पोलिसात जाऊ.

हे म्हणाले, "गाडी जमा होईल. पैसे कोण देईल? आणि चौकशी माझीच होईल — चोरीच्या गाडीवर भाडी मारली म्हणून." मी म्हटलं, आपल्याला माहीत नव्हतं. "ते तू त्यांना पटव."

मग त्या कौतिक बोरसेला धरा! देवमाणसाला! नाना उठले, टोपी घातली आणि न जेवता स्टेशनावर गेले. पाचोऱ्याला.

१३ मार्च

आज कौतिक बोरसे आमच्या घरी आला होता.

खरा.

बुटका, काळासावळा, जाड भिंगाचा चष्मा. नानांनी गावाकडून निरोप धाडला म्हणून बिचारा रजा टाकून सुरतेहून आला. दारात उभा राहून म्हणाला, "मला सायकलसुद्धा धड येत नाही हो. मी कसली गाडी विकतो?"

नाना खाटेवरून उठले आणि त्याच्यापुढं हात जोडून उभे राहिले. त्या म्हाताऱ्या माणसाला तसं पाहवेना.

नानांनी सगळं तपासलं होतं — गाव, मामा, आत्या, शाळेची जागा. सगळं खरं होतं. फक्त ते ज्याचं होतं तो माणूस हा नव्हता! एवढं साधं. पाचोऱ्याला जाऊन 'कौतिक कसा आहे' विचारलं, 'कौतिक दिसतो कसा' हे कोणी विचारलं नाही. मीपण नाही. कागद कागद करत राहिले, पण माझ्याही डोक्यात हे आलं नाही.

पण त्या उंच मेल्याला एवढं कळलं कुठून? कौतिकभाऊंनी पिशवीतून पोरीच्या लग्नाची पत्रिका काढली. गेल्या वर्षी सुरतेत गठ्ठ्यानं वाटलेली. मी ती हातात धरली आणि नानांचे त्या दिवशीचे प्रश्न एकेक विचारत गेले. मामाचं गाव? छापलंय. आत्या कुठं दिली? छापलंय, आत्याच्या नवऱ्याच्या हुद्द्यासकट. थोरला भाऊ? सगळ्यांत वर, 'आपले नम्र'मध्ये. आजोबांनी शाळेला जागा दिली तेसुद्धा छापलंय! आम्ही खानदेशी लोक पत्रिकेत घराण्याचा सातबारा छापतो आणि दारोदार वाटतो. चोराला आणखी काय हवं?

कौतिकभाऊ जेवायला थांबले नाहीत. म्हणाले, माझ्या नावानं आणखी कोणाला काय विकलंय देव जाणे.

नाना भिंतीकडं तोंड करून निजलेत. "मनामुये व्हयनं हाई बठ्ठं," सगळा दोष स्वतःवर घेत एकदाच म्हणाले.

१८ मार्च

चौधरीबाई माप द्यायला आल्या. "म्हणे तुमची गाडी फसली?" गावभर झालं वाटतं. मी म्हटलं, गाडी नाही फसली, आम्ही फसलो. गाडी मस्त चालते!

२७ मार्च

आता रोज पेपर आला की मी आधी छोट्या जाहिराती वाचते. संताप होतो, तरी वाचते. कशा दिसायला लागल्यात आता! 'मिलिटरी अधिकाऱ्याची जीप, परगावी जाणे असल्याने.' 'डॉक्टरची मारुती, त्वरा करा.' कोणीतरी कायम परगावी जायला निघालेला असतो. सगळे मोठ्या हुद्द्याचे, सगळ्यांना घाई, आणि किंमत बाजारापेक्षा इतकी कमी की वाचणाऱ्याला वाटावं आपणच लुबाडतोय समोरच्याला! तिथंच तर मासा गळाला लागतो. आम्हालापण मनातून वाटलंच होतं ना, सोयऱ्याला स्वस्तात उतरवला म्हणून?

आज राहवलं नाही. बूथवर गेले आणि त्या डॉक्टरच्या मारुतीला फोन लावला. गोड आवाज. माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, लगेच म्हणाला, "अरे वा, म्हणजे आपले पाहुणेच!" मी म्हटलं, दादा, घराणं राहू द्या. गाडी रात्री जिथं उभी असते त्या घरी येते मी बघायला. आणि पैसे आरटीओच्या दारात देते, कागद नावावर झाले की.

खट्. फोन ठेवला!

बूथवाला म्हणाला, काय हो, लागला नाही? म्हटलं, चांगला लागला.

११ एप्रिल

गुढी उभारली. नाना खाटेवरून हलले नाहीत, हात तेवढे जोडले.

दुपारी अंगणात गेले तर बॉनेट उघडं. हे वाकलेले, हातात पुट्टीचा डबा. आकड्यांवर पुट्टी बसवत होते, बोटानं, हलक्या हातानं. शेजारी रंगाचा ब्रश.

"काय करताय?"

"गंज लागेल."

मी तिथंच उभी राहिले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. गंज!

२० एप्रिल

आजच्या पेपरात — 'घरगुती वापराची फियाट. अडचणीमुळे तातडीने देणे आहे. घरंदाज गिऱ्हाइकासच. अमळनेर.' फोन नंबर आमच्या कोपऱ्यावरच्या बूथचा.

एक वाक्य पुरे होतं मला. आता ओळखते ना मी!

पेपर त्यांच्यापुढं धरला. मग तोंडाला तोंड. "मला जसं मिळालं तसं देतोय. मी कोणाच्या नावानं देत नाही. माझ्या स्वतःच्या नावानं देतोय." पुट्टी पण मिळाली तशीच देताय का, मी विचारलं. मग ते ओरडले — ते कधी ओरडत नाहीत — "मी एकट्यानंच मूर्ख व्हायचं का? तुला प्लॉट पाहिजे का नाही? आखाजी आली!"

पाहिजे. हो, पाहिजे! रोज पाहिजे. परवा भाजीला म्हणून निघाले आणि उगाच तिकडून वळसा घालून आले. तारेच्या आतले माझे दगड बघत उभी राहिले. ह्यांना ते माहीत आहे म्हणूनच तर राग येतो.

नाना ऐकत होते. एरवी जगाचं बोलतात.

२४ एप्रिल

आज जे झालं ते नीट लिहिते.

गिऱ्हाईक आलं. चोपड्याकडची झुंबरबाई, साठीची, नऊवारी, कपाळभर कुंकू, आवाज खणखणीत. बरोबर मुलगा निंबा आणि सून. निंबाजवळ लायसन आहे, गाडी भाड्यानं चालवायची म्हणतो. लग्नाचं भाडं, दवाखान्याचं भाडं. अगदी तेच शब्द! निंबा गाडीभोवती फिरला, दार उघडून लावून पाहिलं, बॉनेटवरून हात फिरवला. जसा ह्यांनी फिरवला होता.

झुंबरबाईनं गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. ओसरीवर बसली आणि मला म्हणाली, "माहेर कोनतं व माय तुनं?" सांगितलं. मामा कोण, सांगितलं. सासऱ्यांचं नाव, सांगितलं. तिच्या ओळखीचे निघाले. नानांचं नाव तर तिला आधीच ठाऊक. "सुपडू नानानं घर शे हाई? मंग आते काय देखनं!"

नाना उठले आणि परसात निघून गेले.

मला वाटलं ते काही बोलतील. ते बोलणार नव्हते. हे बोलणार नव्हते. तिकडून म्हातारी सांगतेय, "दोन्ही म्हशी इकी टाक्यात मी. निंबाले गाडी लेनी शे." दुभत्या म्हशी विकल्या. गोठा रिकामा केला. आमचं घराणं चांगलं म्हणून!

आणि मग तिनं सुनेला खूण केली. सुनेनं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, कुंकवाचा करंडा काढला. सोयरीची ओटी भरायची म्हणून. "पदर करा अक्का."

मी मागं सरले. माझं मलाच कळलं नाही, पाय आपोआप मागं गेले. तोंडातून निघालं, "नको. मला नको."

आणि धुळ्याच्या हॉटेलातली ती बाई माझ्यासमोर उभी राहिली. तिचा तोरा नव्हता तो! तिला माहीत होतं. तिलाही कोणीतरी असंच फसवलं असेल, का नसेल, देव जाणे — पण माझ्या नारळाला हात लावायची तिची छाती झाली नाही. 'सांभाळून' म्हणाली. तेवढंच जमलं तिला. मी तेवढ्यावर थांबणार होते का?

म्हटलं, "आजी, ही गाडी घेऊ नका. नंबर खोटा आहे. चोरीची आहे. आम्ही फसलोय, तुम्ही फसू नका."

निंबाचा हात बॉनेटवर तसाच.

हे हसले! कसं हसवलं त्यांच्यानं कोण जाणे. म्हणाले, "तिचं मनावर घेऊ नका. गाडी विकू नका म्हणून महिनाभर भांडतेय. आखाजीला माहेरी गाडीतून मिरवायचंय तिला."

मी ओरडले. बॉनेट उघडा म्हटलं, खरवडून बघा म्हटलं. निंबानं उघडलं. वाकून पाहिलं. हात पुढं नेला, आईकडं पाहिलं, मागं घेतला. परक्याच्या दारात, यजमान उभा असताना, त्याची गाडी खरवडायची? तो मुलगा लाजला हो! मीच किल्ली घेऊन धावले तर ह्यांनी मनगट धरलं. आजवर असं कधी धरलं नव्हतं.

झुंबरबाई उठली. "इचार करीसन सांगसूत." गेली.

खण-नारळ सुनेनं परत पिशवीत घातला.

२५ एप्रिल

हे बोलत नाहीत. मनगट दुखतंय.

बोलू नका. प्लॉट गेला तो गेला. मला आज कितीतरी दिवसांनी भूक लागली.

२ मे

नानांना चहा दिला तेव्हा म्हणाले, "सूनबाई, मी परसात गयतू." मी म्हटलं, पाहिलं मी. चहा घेताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, पुष्कळ दिवसांनी.

११ मे

आखाजीला माहेरी, धुळ्याला. भाऊ न्यायला आलाय. पोरांना गाडीतून जायचं होतं, रडली. एसटीनं चाललोय. हे पोचवायला स्टँडवर आले. पोरांना कैऱ्या घेऊन दिल्या, मला म्हणाले, "सावकाश ये. घाई करू नको." इतक्या दिवसांनी गोड बोलले. बरं वाटलं.

१३ मे

आखाजी. पुरणपोळी, आंब्याचा रस. झोक्यावर बसले, या वयात. आई म्हणाली, तुझा चेहरा उतरलाय. आज लीलाधरशेठची मुदत संपली. कोणाला सांगितलं नाही.

१६ मे

परत आले. धुळे रोडवरून एसटी आली तेव्हा सवयीनं खिडकीतून पाहिलं. तारेचं कुंपण नाही! माझे चार दगड तेवढे उभे, चुन्याचे. खोटं कशाला लिहू — आधी आनंदच झाला.

घरी आले तर अंगणात गाडी नाही.

हे म्हणाले, "झुंबरबाई स्वतः आली होती. आखाजीचा मुहूर्त साधला. म्हणाली, बायको तापट शे, पन घरानं चांगलं शे."

देव्हाऱ्यापुढं खण-नारळ. माझ्यासाठी ठेवून गेली.

तो पिशवीत घातलाय. उद्या चोपड्याची पहिली एसटी. जाता जाता लीलाधरशेठच्या दुकानाशी थांबायचंय — म्हणावं, तार मोडीत घालू नका, पुन्हा लावावी लागेल.